फळातला फ आणि फाईलमधला फ

मंडळी, आज आपण एका अक्षराविषयी बोलू. अक्षर तुमच्या ओळखीचंच आहे. ते म्हणजे फ.

फळ, फणस, फाळ हे आपले घरचे शब्द. ते म्हणताना दोन्ही ओठ मिटतात. मग ओठ उघडतात आणि श्वास जोरानं बाहेर पडतो. तोंडापुढं हात धरून बघा. हाताला वारा लागतो. हा आवाज लांबवता येत नाही.

आता फाईल, ऑफिस, फिल्म हे शब्द घ्या. इंग्रजीत हे म्हणताना ओठ मिटत नाहीत. वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकतात. फटीतून वारा सुटतो. हा आवाज दम पुरेल तोवर लांबवता येतो.

हा आवाज आपल्या गावाला नवा नाही. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली. १९३३ साली ती पुण्याला गेली, पण शब्द इथं राहिला. त्याच्याही कितीतरी आधी फौज, फायदा हे शब्द अरबी-फारसीतून आले. तिकडंही हा आवाज दात टेकवूनच काढतात. मराठीनं मात्र सगळ्यांना एकच अक्षर दिलं.

मग फरक कशाला करायचा? ऐका. इंग्रज माणूस शब्दाच्या आरंभीचा प श्वास सोडूनच म्हणतो. म्हणून आपण ओठ मिटून 'फॅन' म्हटलं, तर त्याला 'पॅन' ऐकू येतं. पॅन म्हणजे तवा. मागितला पंखा, आणि पुढं आला तवा!

त्याचीही अशीच फसगत होते. फलटण हे नाव इंग्रजीत पी आणि एच या अक्षरांनी लिहितात. फोटो शब्दही तसाच लिहितात. म्हणून तो फलटणचा फ दात टेकवून म्हणतो. त्याला आपण अडाणी म्हणत नाही. मग आपल्यालाच कोणी का म्हणावं?

आम्ही तुम्हांला एवढंच सांगतो. कचेरीत कोणी तुमच्या 'फारम' शब्दाला हसलं, तर अर्ज न देता माघारी फिरू नका. अर्ज तुमच्या हक्काचा आहे. उच्चार काय, सवयीनं बसतो.

चला, आता मोठ्यानं म्हणा. ओठ मिटून: फळ, फणस, फाळ. दात टेकवून: फाईल, फोटो, ऑफिस.