बोलपट पाहताना विचारावयाचे तीन प्रश्न
(नवदीक्षित कुटुंबांच्या मेळाव्यातील भाषण)



वकील बोलावयास उभा राहिला म्हणजे तो कायद्याची कलमे सांगणार, अशी आपली समजूत असणे स्वाभाविक आहे. कलमे मी सांगणारच आहे. परंतु आज ती बोलपटांच्या निमित्ताने सांगणार आहे. बोलपट या कलेचा मी जाणकार नव्हे. कोर्टाचे काम आटोपल्यावर सवडीने घरच्या मंडळींबरोबर बसून पाहणारा मी एक साधा प्रेक्षक आहे. गेल्या काही आठवड्यांत मी पाच बोलपट पाहिले. त्यांत काही जुने आहेत, काही अलीकडचे आहेत. आणि पाचही आपल्यासारख्या माणसांविषयी आहेत. त्यांबद्दल माझी जी मते झाली, ती आपणांपुढे ठेवीत आहे.

हा विषय करमणुकीचा म्हणून मी निवडलेला नाही. आपण धम्मदीक्षा घेतली आणि घरातील देव्हारे काढून टाकले. परंतु पडदा घरात राहिला आहे. आता तर तो हातातल्या फोनवर आला आहे आणि लहान मुलेही दिवसाचे कित्येक तास त्यापुढे घालवीत आहेत. देव्हाऱ्याने पिढ्यान् पिढ्या आपल्या मनावर एक गोष्ट बिंबविली होती. आपण हीन आहोत, आणि वरच्यांची कृपा झाली तरच आपला उद्धार होईल, ही ती गोष्ट होय. तीच गोष्ट पडदा आपल्या मुलांना गोड आवाजात शिकवीत असेल, तर दीक्षा घेऊनही आपण घराचे दार उघडेच ठेवले, असे म्हणावे लागेल.

साक्षीदार तपासताना वकिलाचे काही प्रश्न ठरलेले असतात. बोलपट पाहतानाही मी तीन प्रश्न ठरविले आहेत. पहिला, ज्याच्यावर अन्याय होतो तो माणूस स्वतः काही करतो, की त्याच्यासाठी दुसराच कोणी सर्व काही करतो? दुसरा, शेवटी त्याला जे मिळते ते दान असते की हक्क? आणि तिसरा, अन्याय करणाऱ्याला कोठे जाब द्यावा लागतो काय?

प्रथम बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ घेऊ. हा बोलपट १९५९ सालचा. एका ब्राह्मण इंजिनियरच्या घरी अस्पृश्य आईबापांची पोरकी मुलगी वाढते. घरची बाई तिला मुलीसारखी म्हणते, मुलगी म्हणत नाही. नूतन यांनी ही भूमिका इतक्या संयमाने केली आहे की डोळे भरून येतात. शेवटी ती बाई जिन्यावरून पडते, तिला रक्ताची गरज लागते, आणि रक्त जुळते ते सुजाताचेच. रक्त दिल्यावर ती मुलगी ठरते.

बोलपट करणाऱ्याचा हेतू चांगला होता, याबद्दल मला शंका नाही. परंतु माझ्या दुसऱ्या प्रश्नावर तो टिकत नाही. सुजाताचे रक्त जुळले नसते तर? मग ती आयुष्यभर मुलीसारखीच राहिली असती काय? स्वतःच्या शरीरातील रक्त देऊन माणूसपण सिद्ध करावे लागते, ही अट कोणी घातली? संविधानाच्या १७ व्या कलमाने १९५० सालीच अस्पृश्यता नष्ट केली होती. १९५५ साली अस्पृश्यता पाळणे हा कायद्याने गुन्हाही झाला होता. हा बोलपट त्यानंतर चार वर्षांनी निघाला, तरी त्यात गुन्हा हा शब्द कोणाच्या मनात येत नाही. सर्व भार हृदयपरिवर्तनावर टाकलेला आहे.

याच बोलपटात रवींद्रनाथांच्या ‘चंडालिके’चा नाट्यप्रवेश येतो, आणि तेथे मी थबकलो. ती कथा मुळात बौद्ध वाङ्मयातील आहे. भिक्खू आनंद प्रकृती नावाच्या चांडाल मुलीजवळ पाणी मागतो. ती आपली जात सांगते. मी पाणी मागितले, जात विचारली नाही, अशा अर्थाचे उत्तर आनंद देतो. पुढे प्रकृती तथागतांकडे जाते आणि तिला संघात प्रवेश मिळतो. परमपूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात स्त्रियांच्या धम्मदीक्षेसंबंधी लिहिताना ही कथा घेतली आहे, ती आपण घरी अवश्य वाचावी. प्रकृतीकडून तथागतांनी रक्त मागितले नाही. तिला रडत दारात उभे केले नाही. सुजाता आणि प्रकृती या दोघींत जो फरक आहे, तोच दया आणि धम्म यांतील फरक आहे. माझ्या भगिनींनी आपल्या मुलींना या दोन्ही कथा शेजारी शेजारी ठेवून सांगाव्यात, अशी माझी विनंती आहे.

दुसरा बोलपट नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’, २०१३ सालचा. कैकाडी समाजातील जब्या हा शाळकरी मुलगा आणि गावातील डुकरे पकडण्याचे काम लादले गेलेले त्याचे कुटुंब, यांची ही कथा आहे. एका प्रसंगी डुक्कर हाती लागणार इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर निसटून जाते. नंतर बांधलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ते शाळेच्या भिंतीवरून जातात. त्या भिंतीवर बाबासाहेब, जोतीराव, सावित्रीबाई या महामानवांची चित्रे रंगविलेली आहेत. भिंतीवर चित्रे आहेत आणि भिंतीखालून जाणाऱ्या मुलाला गाव हसत आहे.

हे पाहून गावाची चीड येणे सोपे आहे. परंतु आपण स्वतःलाही एक गोष्ट विचारली पाहिजे. आपल्या वस्तीशेजारी कैकाडी, पारधी, वडार यांची पाले पडतात, तेव्हा आपली मुले त्यांच्या मुलांना काय म्हणून हाक मारतात? सर्व माणसे समान आहेत अशी प्रतिज्ञा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्या वाडवडिलांच्या पिढीने घेतली, आणि तीच आपण आता घेतली आहे. ती प्रतिज्ञा आपल्यापेक्षा वरचढ समजल्या जाणाऱ्यांपुरती नाही. शेवटी जब्या दगड उचलून फेकतो तो सरळ प्रेक्षकाच्या दिशेने येतो. तो आपल्या दिशेनेही येतो, असे समजूनच आपण तो पाहावा.

तिसरा बोलपट ‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणे यांचा हा बोलपट २०१४ सालचा असून त्याला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट बोलपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. त्यातील लोकशाहीर नारायण कांबळे यांची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. एप्रिल २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या चळवळीत आयुष्य घालविलेला माणूस पडद्यावर आपल्याच चळवळीतील शाहीर म्हणून उभा राहतो, ही घटना लहान नव्हे.

कथा अशी. गटार साफ करणारा एक कामगार मॅनहोलमध्ये मरतो. शाहिराच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून पोलीस शाहिराला पकडतात. आत्महत्येस प्रवृत्त करणे हा भारतीय दंड संहितेच्या ३०६ व्या कलमाखालील गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी हा गुन्हा कायम आहे. त्यासाठी चिथावणी, कट किंवा हेतुपुरस्सर साहाय्य यांपैकी काही सिद्ध व्हावे लागते. परंतु खटला सिद्ध होईपर्यंत माणसाचे आयुष्य तारखांत जाते. हेच या बोलपटात दाखविले आहे, आणि ते किती खरे आहे हे मी रोज पाहतो. आरडाओरड नाही, टाळ्यांची भाषणे नाहीत. तारीख, पुढची तारीख, आणि पुन्हा तारीख.

यातील एक प्रसंग आपण दोनदा पाहावा. मृत कामगाराची पत्नी साक्ष देण्यास येते. नवऱ्याला उतरण्यासाठी साधने दिली जात नव्हती. घाण सहन व्हावी म्हणून तो दारू पीत असे. विषारी वायूने त्याचा एक डोळा गेला होता. उतरण्यापूर्वी तो आत दगड टाकी आणि झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजे. हे सर्व ती शांतपणे सांगते. सरकारी वकिलाने गाण्यावर उभा केलेला सारा खटला या साध्या उत्तरांनी ढासळतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. तेथे खरी कामगिरी वकिलाची नाही. तिने जे पाहिले तेच सांगितले, न भिता सांगितले, यात ती कामगिरी आहे.

या कामात आपली कितीतरी माणसे आजही आहेत, म्हणून कायदा सांगतो. सुरक्षिततेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूबद्दल दहा लाख रुपये नुकसानभरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. ठेकेदार पन्नास हजार रुपये हातावर ठेवून कोऱ्या कागदावर अंगठा मागू लागला, तर हा निकाल आठवावा आणि अंगठा देऊ नये.

चौथा बोलपट तमिळ भाषेतील, ‘परियेरुम पेरुमाळ’. मारी सेल्वराज यांनी तो २०१८ साली केला. ‘धडक २’ हा २०२५ सालचा हिंदी बोलपट याच कथेवर बेतलेला आहे. खेड्यातील एक तरुण लॉ कॉलेजात प्रवेश घेतो. बाबासाहेबांसारखे व्हावयाचे, एवढेच त्याला माहीत असते. इंग्रजी येत नाही म्हणून वर्ग त्याला हसतो. वरच्या जातीतील मुलीशी मैत्री झाल्यामुळे तिचे नातेवाईक त्याला कोंडून मारतात. त्याच्या वडिलांचीही विटंबना होते. मी स्वतः लॉ कॉलेजातून शिकलो असल्यामुळे वर्गातील शेवटच्या बाकावरचे ते हसू मला समजावून घ्यावे लागले नाही.

या बोलपटातील प्राचार्य स्वतः चांभाराचा मुलगा आहे. जे मला हिणवीत होते ते आता माझ्यापुढे हात जोडून उभे राहतात, असे तो त्या मुलाला सांगतो आणि लढण्याची मोकळीक देतो. शेवटी मुलीच्या बापाशी तो तरुण समोरासमोर बोलतो. तो सूड मागत नाही आणि क्षमाही मागत नाही. तुम्ही जोवर तुमच्या जागी तसेच आहात आणि मी खाली राहावे अशी तुमची अपेक्षा आहे, तोवर काही बदलणार नाही, एवढे तो सांगतो. मग टेबलावर चहाचे दोन पेले शेजारी शेजारी दिसतात. येथे दान नाही. बरोबरीची मागणी आहे. हा बोलपट आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी पाहिलाच पाहिजे.

येथे एक शंका दूर करतो. धम्म स्वीकारला तर मुलाची सवलत जाईल, ही भीती आजही घालण्यात येते. ती खोटी आहे. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचाही त्यात समावेश झाला. मूळची अनुसूचित जात आणि आजचा बौद्ध धर्म यांची नोंद असलेला दाखला वेळीच काढून ठेवावा, प्रवेशाच्या आदल्या दिवशी धावपळ करू नये. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही यामुळे आपल्याला लागू आहे.

शेवटचा बोलपट ‘जय भीम’. हाही तमिळ, २०२१ सालचा. तमिळनाडूत १९९३ साली घडलेल्या एका खऱ्या प्रकरणावर तो आधारलेला आहे, आणि ते प्रकरण चालविणारे वकील के. चंद्रू हे पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. चोरीच्या खोट्या आरोपावरून इरुळर जमातीतील माणसाला पोलीस पकडतात, आणि तो नाहीसा होतो. त्याची गरोदर पत्नी सेंगेनी वकिलाकडे जाते, आणि उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज होतो. पकडलेला माणूस कोठे आहे ते कोर्टापुढे येऊन सांगा, असा हा अर्ज. तो उच्च न्यायालयात कलम २२६ खाली आणि सर्वोच्च न्यायालयात कलम ३२ खाली करता येतो. कलम ३२ हा संविधानाचा आत्मा होय, असे बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितले होते. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे, हे कलम २२ सांगते. एवढी तीन कलमे घरातील प्रत्येकाला पाठ असावीत.

या बोलपटाविषयी माझी एक तक्रार आहे. मारहाणीची दृश्ये फार लांबविली आहेत, आणि वकिलाला फार मोठा केला आहे. वकील असूनही मी हे म्हणतो. अशा वकिलाची वाट पाहत बसणे हा धडा आपण त्यातून घेऊ नये. सेंगेनीला पैसे घेऊन प्रकरण मिटविण्यास सांगितले जाते. उद्या मुलांनी हे पैसे कोठून आले असे विचारले तर काय सांगू, या विचाराने ती ते नाकारते. खटला त्याच क्षणी जिंकला गेला. निकाल नंतर लागला. माझे तिन्ही प्रश्न या एका बाईपाशी पूर्ण होतात. ती स्वतः करते, हक्क मागते, आणि अपराध्याला जाब द्यावयास लावते.

बंधू-भगिनींनो, बोलपट पाहू नका असे मी म्हणत नाही. पाहा, परंतु एकटे पाहू नका. घरातील सर्वांनी मिळून पाहा आणि संपल्यावर पंधरा मिनिटे बोला. मुलांना हे तीन प्रश्न विचारा आणि त्यांची उत्तरे मध्ये न बोलता ऐकून घ्या. महिन्यातून एका रविवारी विहारात वंदनेनंतर अशी चर्चा ठेवा. ज्या बोलपटात आपला माणूस केवळ मार खातो आणि रडतो, तो पाहून मुले अधिक भित्री होतात. तेव्हा त्यांच्याजवळ बसा आणि त्या माणसाला त्या वेळी कायद्याने काय करता आले असते, ते सांगा. ते सांगता यावे म्हणून स्वतः वाचा. अत्त दीप भव हा तथागतांचा उपदेश आहे, आणि तो अंधारात बसून पडदा पाहतानाही आपल्याला लागू आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.