अपडेटला ‘नंतर’ म्हणू नका
(रविवारी कॅम्पच्या मेसमध्ये केलेलं भाषण)



आज सुट्टी. कपडे धुवायचेत, मटण आणायचंय, घरी फोन करायचाय. म्हणून जास्त वेळ घेत नाही. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला माणूस, मोबाईलचा इंजिनिअर नव्हे. तरी आज फोनवर बोलणार आहे, कारण माझी एक चूक तुमच्यासमोर सांगायची आहे.

आमच्या साईटवर जालन्याकडचा एक स्टील फिक्सर होता. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो मला म्हणाला, “साहेब, फोनवर सारखं अपडेट येतंय, करू का?” मी न बघताच म्हणालो, “राहू दे रे, फोन स्लो होतो. नंतर कर.” साहेब म्हणाले म्हणजे झालं. त्यानं ‘नंतर’ दाबलं.

पुढे महिन्याभरात त्याला एक फोन आला. बोलणारा हिंदीत, एकदम गोड. “बँकेतून बोलतोय, तुमचं कार्ड आज बंद होणार, एक ॲप पाठवतो, ते टाका आणि स्क्रीन दाखवा.” ह्यानं ॲप टाकलं, स्क्रीन शेअर केली. वरून ओटीपीचा मेसेज आला, तो समोरच्यानं आरामात वाचला. दोन महिन्यांचा पगार गेला. बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे होते. त्या रात्री तो जेवला नाही, आणि खरं सांगतो, मलाही घास गेला नाही.

मग मी बसून वाचलं, की त्या अपडेटमध्ये असतं तरी काय. अँड्रॉइड १५ हे २०२४ मध्ये आलं. त्यात तुम्ही स्क्रीन शेअर करत असाल तर ओटीपी आणि नोटिफिकेशनचा मजकूर समोरच्याला दिसत नाही, फोन स्वतःच झाकतो. अँड्रॉइड १६ जून २०२५ मध्ये आलं. त्यात आणखी एक कडी घातली आहे. अनोळखी नंबरशी कॉल चालू असताना ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी देताच येत नाही. ही परवानगी म्हणजे आपल्या फोनचं स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात देणं. अशा कॉलमध्ये ब्राउझरवरून किंवा मेसेजमधून पहिल्यांदाच एखादं ॲप टाकायला गेलात, तर तेही अडवलं जातं.

अपडेट केलं असतं तर त्याचे पैसे वाचलेच असते, असं मी छातीठोक सांगणार नाही. ठग रोज नवी वाट शोधतात. पण दाराला कडी होती आणि ती मी लावू दिली नाही, हे खरं आहे.

आता चोरीचं बघू. बसमध्ये, बाजारात फोन मारला जातो. त्यासाठी ‘थेफ्ट प्रोटेक्शन’ आहे. अँड्रॉइड १० पासून पुढच्या बऱ्याच फोनांत हे मिळतं, म्हणजे जुना फोन असला तरी बघा. सेटिंग्जमध्ये जाऊन ‘गूगल’ उघडा, तिथे सापडेल. त्यात तीन गोष्टी आहेत. हातातून हिसकावून कोणी पळालं तर फोन हालचालीवरून ओळखतो आणि लॉक होतो. चोरानं इंटरनेट तोडलं तरी थोड्या वेळानं लॉक होतो. आणि तिसरं, दुसऱ्या कुणाच्या फोनवरून अँड्रॉइड डॉट कॉम स्लॅश लॉक ह्या पानावर आपला नंबर टाकून लॉक करता येतो. हे तिसरं आधीच चालू करून ठेवावं लागतं, आणि चोरलेला फोन नेटवर असावा लागतो. आयफोनवाल्यांनी सेटिंग्जमध्ये ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ चालू करा. ते २०२४ च्या जानेवारीपासून आहे.

तुम्ही म्हणाल, फोन गेला तर गेला, दुसरा घेऊ. भावांनो, फोनबरोबर काय जातं ते मोजा. टाइमशीटचे फोटो, पगाराचे मेसेज, करारपत्राचा फोटो, पासपोर्टची कॉपी. इथल्या कायद्यात दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस. त्यावरच्या ओव्हरटाइमला मूळ पगाराच्या हिशेबात २५ टक्के जास्त, आणि रात्री दहा ते पहाटे चार काम केलं तर ५० टक्के जास्त. पण तास किती झाले, हे दाखवायचं कशानं? मी सुपरवायझर आहे, टाइमशीटवर सही माझी असते. ऑफिसात गेलेला कागद परत मागितला की “सापडत नाही” हे उत्तर मी स्वतः ऐकलेलं आहे. त्या वेळी ज्याच्या फोनात फोटो होता, त्याचाच हिशेब बरोबर लागला.

नोकरी संपल्यापासून दोन वर्षांपर्यंत यूएईमध्ये कामगाराला आपल्या हक्कासाठी दावा करता येतो. म्हणजे पुरावाही तेवढे दिवस टिकला पाहिजे. म्हणून फोटोंचा बॅकअप चालू ठेवा आणि महत्त्वाचे फोटो घरी बायकोच्या किंवा भावाच्या फोनवरही पाठवून ठेवा. अँड्रॉइड १५ मध्ये ‘प्रायव्हेट स्पेस’ नावाची वेगळ्या लॉकची खोली आहे, सॅमसंगमध्ये तिला ‘सिक्युअर फोल्डर’ म्हणतात. बँकेचं ॲप तिथे ठेवा. पण टाइमशीट फक्त तिथेच ठेवू नका. ती खोली पुसली तर आतलं सगळं जातं.

एक सावधगिरी. फोटो फक्त आपल्या कागदाचा काढा. दुसऱ्याचा फोटो त्याला न विचारता काढणं आणि फिरवणं इथे गुन्हा आहे.

हजेरीच्या ॲपबद्दलही विचारता तुम्ही. ते लोकेशन मागतं. तेव्हा ‘ॲप वापरताना फक्त’ हा पर्याय निवडा. कामाच्या वेळी साईटवर आहात हे कळलं म्हणजे पुरे, सुट्टीच्या दिवशी तुम्ही कुठे फिरता ते कुणाला कशाला? अँड्रॉइड १४ पासून एखादं ॲप फोटो मागत असेल तर सगळे न देता निवडक तेवढेच देता येतात. जेवढं लागतं तेवढंच द्यायचं.

आता अपडेट कसं करायचं? सेटिंग्जमध्ये ‘सॉफ्टवेअर अपडेट’ शोधा. काही फोनात ते ‘सिस्टम’मध्ये, काहींत ‘अबाउट फोन’मध्ये असतं. फोन चार्जिंगला लावा, वायफायवर घ्या, आधी बॅकअप. रात्री झोपताना लावलं की सकाळी तयार. व्हॉट्सॲपवर “फोन अपडेट करा” म्हणून लिंक आली तर ती फसवणूक समजा. खरं अपडेट फोनच्या सेटिंग्जमधूनच येतं. फोन जुना असून नवीन अँड्रॉइड येत नसेल तर निदान प्ले स्टोअर उघडून ‘प्ले प्रोटेक्ट’ चालू आहे का बघा. इंग्रजी जमत नसेल तर फोनची भाषा मराठी करता येते, त्यात लाज कसली?

दोन नंबर लिहून घ्या, फोनात नको, पाकिटातल्या कागदावर. दुबईतल्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा ८००४६३४२, आणि यूएईच्या कामगार मंत्रालयाचा ६००५९००००. फोन गेला तरी कागद राहतो.

तो जालन्याचा पोरगा आता दुसऱ्या साईटवर आहे. पैसे परत आले नाहीत. परवा त्याचा मेसेज आला, “साहेब, अपडेट केलं, फोन स्लो झाला नाही.” मी काय उत्तर देणार? “माफ कर,” एवढंच लिहिलं.

चला, आता फोन काढा. सेटिंग्ज उघडा. ज्याला सापडत नाही त्यानं हात वर करा, मी येतो तुमच्याजवळ.