बाजारामागची माणसे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



‘आपल्या संशोधनाविषयी काही बोला’, अशी आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली. आमचे संशोधन ते काय! महाविद्यालयात तीस-बत्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकविले आणि चार लेख लिहिले, एवढीच आमची पुंजी. म्हणून ज्यांच्या ग्रंथांनी आमची दृष्टी घडविली, त्या प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ यांच्याविषयी बोलण्याचे आम्ही ठरविले. त्यास आणखीही एक कारण आहे. मंडळाची बंद पडलेली पतपेढी पुन्हा सुरू करावी, असा ठराव येत्या वार्षिक सभेपुढे यावयाचा आहे. आणि गाडगिळांनी आयुष्यभर ज्या प्रश्नाचा पाठलाग केला, तो ह्या ठरावापासून फारसा दूर नाही.

गाडगिळांचा जन्म १९०१ चा. नागपुरात वाढलेला हा विद्यार्थी केंब्रिजला गेला आणि तेथे लिहिलेल्या प्रबंधातून १९२४ साली हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपले हस्तव्यवसाय विलायती यंत्रमालामुळे बुडाले, हे तर शाळकरी मुलासही ठाऊक होते. गाडगिळांनी त्यापुढे जाऊन विचारले, की ह्या मालाचे गिऱ्हाईक कोण होते? संस्थानिकांचे दरबार मोडले, सरदार-मानकऱ्यांची घराणी खालावली, नव्या सुशिक्षितांची आवडनिवड पालटली, आणि किनखाब विणणाऱ्याच्या दारी येणारा माणूसच नाहीसा झाला. यंत्राची स्पर्धा होतीच; परंतु मालाच्या किंमतीमागे एक समाजरचना उभी असते आणि ती ढासळली की किंमतही ढासळते, हे सूत्र तरुण वयातच त्यांच्या हाती लागले. पंडित लोक ह्या दृष्टीस आज संस्थात्मक अर्थशास्त्र वा आर्थिक समाजशास्त्र म्हणतात. येथे ‘संस्था’ म्हणजे पाटी लावलेली इमारत नव्हे. कोणी कोणास उधार द्यावे, बुडविल्यास काय व्हावे, भागीदार कोणास करावे, ह्याविषयीच्या समाजमान्य रीती त्या शब्दात येतात. गाडगिळांनी स्वतःस असली बिरुदे लावून घेतली, असे मात्र आम्ही म्हणत नाही.

सुरतेच्या महाविद्यालयात ते काही वर्षे प्राचार्य होते. (आपल्याप्रमाणेच परप्रांती घर थाटलेला मराठी माणूस!) १९३० साली रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाच्या आश्रयाने पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, आणि १९६६ पर्यंत म्हणजे छत्तीस वर्षे गाडगीळ तिचे संचालक राहिले. तेथील आरंभीच्या पाहण्यांचे विषय आजच्या विद्यार्थ्यास ऐकविले तर तो हसेल. पुण्यातील फळबाजार, सहा जिल्ह्यांतील मोटारबस वाहतूक, वाई तालुक्यातील शेतीचा हिशेब! परंतु बागाईतदाराच्या टोपलीपासून गिऱ्हाइकाच्या पिशवीपर्यंत संत्रे किती हातांतून जाते, दलालाची अडत कशी कापली जाते, हे जागेवर जाऊन पाहिल्यावाचून ‘बाजार’ हा शब्द उच्चारू नये, अशी त्यांची शिस्त होती. आमच्या मते अर्थशास्त्राचे निम्मे अनर्थ ही शिस्त न पाळल्यामुळे झाले आहेत.

आता आपल्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे वळू. भारतातील आधुनिक व्यापारी वर्गाचा उगम कसा झाला, ह्यावर १९५९ साली गाडगिळांचे एक छोटेखानी इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. अठराव्या शतकाच्या मध्यास कोणत्या प्रांती कोणत्या ज्ञातींच्या हाती व्यापार-सावकारी होती, येथपासून त्यात शोध घेतला आहे. ते वाचताना आम्हांस वारंवार आपल्या मंडळातील एका नित्याच्या वादाची आठवण होते. मराठी माणूस व्यापारात मागे का? दर दिवाळीच्या फराळास हा प्रश्न निघतो आणि ‘आपला स्वभावच नाही तो’ ह्या उत्तरावर चकलीबरोबर संपतो. आम्हांस हे उत्तर कधीच पटले नाही. कलकत्त्यास उतरलेल्या मारवाडी तरुणास ज्ञातिबांधवांच्या बाशात जेवण्या-राहण्याची सोय होई, गादीवर उमेदवारी मिळे आणि पुढे त्याच ओळखीवर उधार माल मिळे. चेट्टियारांचा मुनीम ठराविक मुदतीच्या कराराने ब्रह्मदेशी जाई आणि हिशेब चुकता करून गावी परते. हुंडी नाकारली गेली तर त्या माणसाची पत पेढीवरच नव्हे, सोयरिकीतही बुडे. एवढी सामग्री पाठीशी असल्यावर धाडस करणे सोपे. आपले पूर्वज बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, तंजावर येथे गेले ते फौजेबरोबर, कारभारी म्हणून वा भिक्षुकीसाठी. मागाहून आपण आलो ते रेल्वे, टपाल आणि सरकारी कारखान्यांच्या नेमणुकीची पत्रे घेऊन. ज्याच्या खिशात नेमणुकीचे पत्र आहे त्यास बाशाची गरज काय? त्याने गणपती बसविला, नाटक बसविले, ग्रंथालय काढले. पेशवाईत पुण्याचे ब्राह्मण सावकार मोठमोठ्या रकमांच्या उलाढाली करीत होते, हे ध्यानी घेतले तर स्वभावाची सबब टिकत नाही.

मग संस्था नव्याने घडविता येतात काय? गाडगिळांचे उत्तरायुष्य ह्या प्रश्नात गेले. १९५१-५२ साली ७५ जिल्ह्यांतील ६०० खेड्यांत ग्रामीण पतपुरवठ्याची अखिल भारतीय पाहणी झाली. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील तिच्या मार्गदर्शक समितीत गाडगीळ होते. शेतकऱ्याने घेतलेल्या शंभर रुपये कर्जापैकी सुमारे सत्तर रुपये सावकारांचे आणि सहकारी संस्थांचे अवघे तीन, असा निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाला. सहकाराचा कायदा १९०४ चा. म्हणजे पन्नास वर्षांची कमाई तीन रुपये! कारणही अहवालाने सांगितले. खेड्यातील सोसायटी त्याच खेड्यातील सावकार-व्यापाऱ्यांच्या वजनाखाली राहते. दुबळ्यांनी एकत्र येऊन सभा भरविली म्हणून ते वजन उतरत नाही. बाहेरून शासनाचे भांडवल हवे, आणि कर्जाची सांगड मालाच्या विक्रीशी घातली पाहिजे.

ही सांगड गाडगिळांनी प्रत्यक्षात अनुभवली होती. गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभांचा त्यांचा अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्याच प्रवरेच्या काठी, तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील लोणी येथे, विठ्ठलराव विखे पाटील ऊसकऱ्यांचा सहकारी कारखाना काढण्यासाठी गावोगाव भागभांडवल जमवीत होते. कारखान्याचे पहिले अध्यक्षपद त्यांनी गाडगिळांना दिले आणि १९५०-५१ च्या हंगामात पहिले गाळप झाले. त्या काळाचे स्मरण ठेवावे. १९४८ च्या आरंभी, गांधीजींच्या हत्येनंतर, महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जळाली होती. अशा दिवसांत मराठा शेतकऱ्यांनी पुण्याच्या एका ब्राह्मण प्राध्यापकास आपल्या पैशाचा विश्वस्त नेमले. ह्यात उभयपक्षी मनाचा मोठेपणा होता, परंतु आम्हांस वाटते की शहाणपणही होते. गाडगिळांना तेथे भाऊबंद नव्हते, उसाची बांधिलकी नव्हती, गावकीचे हेवेदावे नव्हते. शिवाय सहकारी कारखान्यात कर्जाची वसुली उसाच्या बिलातून होते. कोणी कोणाच्या दारी जाऊन ‘पैसे द्या’ म्हणावे लागत नाही.

पुढची हकीकत आपण जाणता. योजना आयोगाचे उपाध्यक्षपद, राज्यांना केंद्रीय साहाय्य वाटण्याचे १९६९ चे ‘गाडगीळ सूत्र’, आणि ३ मे १९७१ रोजी निधन. ज्या सहकारी कारखान्यांसाठी ते झिजले, त्यांतील कित्येक पुढे घराण्यांचे बालेकिल्ले झाले, काही आजारी पडले, काही खासगी हाती गेले. बाहेरचा तटस्थ माणूस संचालक मंडळातून गेला आणि सोयरे आत आले. ह्या पालटाचा गाडगिळांच्या पद्धतीने, जागेवर जाऊन, अभ्यास व्हावयास हवा.

आता पतपेढीविषयी. तिचे शेवटचे कार्यवाह आम्हीच होतो, हे तरुण सभासदांस कदाचित ठाऊक नसेल. सावकारीवर वर्गात तास घेणारे आम्ही, सायंकाळी मंडळात येऊन ओळखीच्या माणसास जामीनकीचा कागद वाचावयास न लावता कर्ज देत असू. आपलाच माणूस, त्यास काय विचारावयाचे! हप्ते थकले तेव्हा तगादा लावण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. गणपतीच्या आरतीस जो शेजारी उभा, त्यास प्रसाद द्यावा की नोटीस? पगारातून हप्ता कापून घेण्याची व्यवस्था करावी, अशी सूचना एका जाणत्या सभासदाने वेळीच केली होती. सभासदांवर अविश्वास दाखविल्यासारखे होईल म्हणून आम्हीच ती बाजूस सारली. दोन विधवा भगिनींच्या ठेवी परत करण्यास त्यानंतर चार वर्षे लागली. ती चार वर्षे त्या मंडळाच्या कार्यक्रमास आल्या नाहीत, आणि पुढेही आल्या नाहीत.

ठरावास आमचा विरोध नाही. वसुली पगारातून वा बँकेतून परस्पर व्हावी, कार्यकारी मंडळात एक तरी जाणकार असा असावा ज्याचे आपणांपैकी कोणाशी नाते नाही, मग तो मराठी नसला तरी चालेल, आणि कार्यवाहाच्या आप्तांस कर्ज देऊ नये, एवढ्या तीन दुरुस्त्या आम्ही लेखी दिल्या आहेत. जुनी खतावणी ग्रंथालयाच्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात आहे. सभेपूर्वी ती प्रत्येकाने चाळावी. पान एकेचाळीसवर जी बाकी अद्याप उभी आहे, तिच्या जामिनाची सही आमची आहे.