१८७८ सालचा व्हिडिओ कॉल

चिखलीतून बोलतोय. मध्येच हॉर्न ऐकू आला तर चालवून घ्या, कुदळवाडीच्या रस्त्याला झोप माहीत नाही.

आज एका चित्राबद्दल बोलायचंय. लंडनमधलं एक श्रीमंत घर. आई-बाबा झोपायच्या खोलीत शेकोटीसमोर बसलेत आणि शेकोटीच्या वर भिंतभर रुंद पडदा आहे. पडद्यावर सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका. मुलं तिथे टेनिस खेळतायत. बाबांच्या तोंडाशी बोलायची नळी. ते मुलीला म्हणतात, जरा जवळ ये, हळूच विचारायचंय, ती तुमच्यात खेळणारी छान मुलगी कोण गं? आई शेजारीच बसलेली!

हे चित्र जॉर्ज द्यु मोरिए यांनी काढलं आणि ते १८७८ च्या डिसेंबरात लंडनच्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकाच्या वार्षिक अंकात छापून आलं. (याच 'पंच'वरून नाव घेतलेलं 'हिंदुपंच' आपल्या ठाण्यातून मराठीत निघायचं.) यंत्राचं नाव दिलं होतं 'एडिसनचा टेलिफोनोस्कोप'. एडिसननं असलं काही बनवलेलं नव्हतं. पण आदल्याच वर्षी त्याचा फोनोग्राफ आला होता, त्यामुळे त्याच्या नावावर काहीही खपत होतं.

तरी ही निव्वळ थाप नव्हती बरं का. टेलिफोनचं पेटंट १८७६ चं. तारेतून आवाज जातो, मग चित्र का जाणार नाही? १८७७ मध्येच न्यूयॉर्कच्या 'सन'मध्ये 'इलेक्ट्रोस्कोप' नावाच्या अशाच यंत्राचं वर्णन आलं होतं. आणि १८७३ साली विलोबी स्मिथ यांनी जाहीर केलं होतं की सेलेनियमवर उजेड पडला की त्यातून वीज जास्त सहज वाहते. हे त्यांना कुठे कळलं, तर समुद्राखालच्या तारांची तपासणी करताना. तशीच एक तार १८७० मध्ये मुंबईला येऊन पोचली होती. म्हणजे उजेडाची वीज करायचा धागा हाताला लागला होता, पुढचं सगळं कल्पनेनं विणलं.

फ्रान्सचे अल्बेर रोबिदा तर आणखी पुढे गेले. १८८३ च्या त्यांच्या पुस्तकात विसावं शतक आहे, लोक घरी बसून नाटक बघतायत, दूरची लढाईसुद्धा पडद्यावर दिसतेय.

एक गोष्ट मात्र द्यु मोरिए साहेब विसरले. लंडनमध्ये रात्रीचे दहा वाजतात तेव्हा सिलोनमध्ये पहाटेचे साडेतीनच्या आसपास होतात. टेनिस कसलं खेळतायत! ज्यांचे दादा-ताई दुबईला किंवा अमेरिकेत आहेत त्यांना हे सांगायला नको.

पण मला खरी खटकते ती खोली. चित्रातलं बोलणं बंद दाराआड चाललंय. यंत्र कुणाकडे असणार, तर ज्याच्याकडे अशी खोली आहे त्याच्याकडे, हे चित्रकारानं धरूनच टाकलंय. आपल्याकडे संजयाची दिव्यदृष्टीही राजवाड्यातच चालली की. आणि १८८२ मध्ये कलकत्त्यात टेलिफोन एक्स्चेंज उघडलं तेव्हा ग्राहक होते ९३. अख्ख्या शहरात!

आता इथे बघा. तळवडे, भोसरी, चाकणला कामाला जाणारी पोरं. कुणी वाशीमचा, कुणी बीडचा, कुणी बिहारचा. एका खोलीत पाच-सहा जण, त्यातला एक नाइट शिफ्ट करून झोपलेला. पडदा प्रत्येकाच्या खिशात आहे, तोही रंगीत, आणि डेटा परवडतो. पण बायकोला 'जवळ ये, हळूच सांगायचंय' म्हणायला जागा कुठंय? स्पीकरवर बोलावं तर सगळे ऐकतात, इअरफोन लावला तरी आपलं बोलणं ऐकू जातंच. आणि तिकडे गावाला तीही ओसरीवर, सासूबाई शेजारी बसलेल्या. मग दोघंही 'जेवलास का', 'पाऊस आहे का' एवढ्यावरच थांबतात.

म्हणून रात्री साडेदहानंतर इथल्या गच्च्या बघा. एक पाण्याच्या टाकीमागे, एक जिन्याच्या पत्र्याखाली, एक कठड्याला टेकून, चेहऱ्यावर स्क्रीनचा उजेड. कोपरे ठरलेले असतात, दुसऱ्याच्या कोपऱ्यात कुणी जात नाही. पावसाळ्यात मात्र पंचाईत होते.

तुम्ही घरच्यांशी बोलायला कुठे जाता? व्हॉइस नोट पाठवा. नाव सांगायची गरज नाही, नुसती जागा सांगा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवतो.