परत कोणाकडे? : ‘रिव्हर्शन’ या शब्दाविषयी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, ते फळ्यावर वाक्य लिहून विचारीत, ‘यातला कर्ता कोण?’ त्याच प्रश्नाच्या आधारे आज ‘रिव्हर्शन’ या इंग्रजी नामाचा विचार करू.

बढती मिळालेला कर्मचारी मूळ पदावर परत पाठविला जातो, ते रिव्हर्शन. मुदतीने दिलेली मिळकत मुदत सरताच देणाऱ्याकडे जाते, तेही रिव्हर्शन. मराठीत त्यास ‘प्रत्यावर्तन’ म्हणता येईल. आपला घरगुती शब्द मात्र ‘परतणे’. गुरे परततात, ही क्रिया अकर्मक. कांदा परततात, ही सकर्मक, तेथे कोणाचा तरी हात असतो. ‘रिव्हर्शन’ या नामात तो हात दिसत नाही. वस्तू जणू आपण होऊन परत जाते.

हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नव्हे. येथील लालबाग राजवाड्याचे बांधकाम १८८६ मध्ये, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकिर्दीत सुरू झाले. ते १८४४ मध्ये गादीवर आले, तेही मागील राजाचे औरस पुत्र म्हणून नव्हे. तरीही इंदूरचे राज्य टिकले. अवघ्या चार वर्षांनी, १८४८ मध्ये, साताऱ्याचे शहाजीराजे ऊर्फ अप्पासाहेब निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. डलहौसीने तो मानला नाही. कंपनीच्या युक्तिवादाचा आशय असा : हे राज्य १८१९ मध्ये आम्हीच दिले, औरस वारस नाही, तेव्हा ते देणाऱ्याकडे परत आले.

पण शिवछत्रपतींच्या वंशाचे राज्य कंपनीकडे ‘परत’ कसे येईल? जे मुळात आपले नव्हते, ते घेता येते. परत मिळत नाही. १८५४ मध्ये नागपूर आणि झाशीवरही हाच प्रसंग आला. मराठी माणूस मात्र ‘राज्य परतले’ असे म्हणाला नाही. तो म्हणाला, ‘इंग्रजांनी राज्य खालसा केले.’ ‘खालसा’ हा शब्द परका खरा. परंतु या वाक्यात कर्ता लपलेला नाही.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, कागदावर ‘प्रत्यावर्तन’ असा भारदस्त शब्द आला की दोन प्रश्न विचारावेत : परत कोणाकडे, आणि कोणाच्या हातून?

आपल्या घरांत निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. तेथे परतण्याचे वचन जाणारा स्वतः देतो. गुरुजींच्या या शाळेचा निरोप मीही तसाच घेतो.

येतो.