हौसेचं विमान निवडताना
(रेडिओवरील भाषण)

विमान चालवण्याचा खाजगी परवाना हाती आहे, वैमानिकाची नोकरी करायची नाही, कुठे वेळेवर पोचायचंही नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी तासभर आकाशात हिंडून यायचं, एवढीच हौस आहे. आणि तीही शेपटीखाली चाक असलेल्या जुन्या धाटणीच्या विमानातून. अशा माणसाने कोणतं विमान निवडावं? हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही, आणि तिथल्या नरसी नामदेव गावाच्या माळावर बसून हा विचार करणं कुणाला अनाठायी वाटेल. पण जुनं यंत्र पारखून घेण्याची अक्कल आपल्या भागात घरोघरी लागते, आणि विमानाच्या बाबतीत ती पणाला लागते. म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगतो. हौसेचं विमान वर्षातले बहुतेक तास जमिनीवर उभं असतं. तेव्हा ते जिथे उभं राहणार तिथलं ऊन, तिथली माती, तिथे मिळणारं इंधन आणि तिथला मेकॅनिक यांचा हिशेब आधी करावा, देखणेपण नंतर पाहावं. हा हिशेब महाराष्ट्रात मांडला, तर उत्तर पुष्पक हे जुनं भारतीय विमान किंवा त्याच्याच घराण्यातलं एखादं साधं विमान असंच येतं.

आधी शेपटीच्या चाकाची गोष्ट समजून घेऊ. आज दिसणाऱ्या बहुतेक छोट्या विमानांचं तिसरं चाक नाकाखाली असतं. 1950च्या दशकापर्यंत रीत वेगळी होती: दोन मुख्य चाकं पुढे आणि एक लहानसं चाक शेपटीखाली. ही रचना हलकी, कमी खर्चाची. तिच्यात पुढचा फिरता पंखा, म्हणजे प्रोपेलर, जमिनीपासून उंच राहतो आणि खडबडीत मैदानावरही काम भागतं. अडचण आहे ती वजनाच्या मांडणीत. विमानाचा गुरुत्वमध्य इथे मुख्य चाकांच्या मागे येतो. उतरल्यावर विमान जरा तिरकं झालं, की मागचं वजन पुढे यायला बघतं आणि तिरकेपणा वाढतच जातो. शेपटीचं सुकाणू, म्हणजे रडर, फिरवणारे वैमानिकाचे पाय वेळीच हलले नाहीत, तर विमान गर्रकन फिरतं आणि पंखाचं टोक जमिनीला घासतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. नाकाखाली चाक असेल तर वजन मुख्य चाकांच्या पुढे असतं आणि तिरकं झालेलं विमान आपसूक सरळ व्हायला बघतं. म्हणजे शेपटीच्या चाकाचं विमान थांबेपर्यंत लक्ष मागतं, आणि हौशी वैमानिकाला तेच हवं असतं. नरसीत जन्मलेल्या नामदेवांचं एक पद गुरु ग्रंथसाहिबात आहे. त्यातला मुलगा सोबत्यांशी गप्पा मारत पतंग उडवतो, पण त्याचं चित्त दोरीवर असतं. या विमानांना लागणारं अवधान त्याच जातीचं आहे.

आता आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांना आणि वायुदलाला जवळची असलेली तीन नावं घेऊ. पहिलं टायगर मॉथ. 1931 साली पहिल्यांदा उडालेलं हे ब्रिटिश विमान: एकावर एक दोन पंख, मधे ताणलेल्या तारा, उघड्यावर एकामागे एक दोन बैठका. त्याच्या रूपावर कोण भाळणार नाही? पण मूळ रचनेत त्याला ब्रेक नाहीत, शेपटीखाली चाकाऐवजी घासत जाणारी स्किड आहे, आणि त्याच्या 130 अश्वशक्तीच्या जिप्सी मेजर इंजिनाचं उत्पादन थांबून कित्येक दशकं झाली. आपल्या वायुदलाचं एक टायगर मॉथ 2012 साली, वायुदलाच्या ऐंशीव्या वर्धापनदिनाला पुन्हा उडालं, ते ब्रिटनमध्ये नव्याने बांधून घेतल्यावर. वायुदलाला ते झेपलं. चार मित्रांच्या खिशाला झेपणार नाही.

दुसरं एच. टी. 2. हे डॉ. विष्णू माधव घाटगे यांचं काम. कोल्हापूर जिल्ह्यातले घाटगे जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रान्टल यांच्या हाताखाली संशोधन करून परतले आणि बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीत रुजू झाले. ही कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1940 साली उभारली होती. ऑगस्ट 1951 मध्ये उडालेलं एच. टी. 2 हे भारतात आराखडा होऊन भारतातच मोठ्या संख्येने बनलेलं पहिलं विमान. त्याचा मला अभिमान आहे. पण त्यातलं 155 अश्वशक्तीचं सिरस मेजर इंजिन आज जिप्सीइतकंच दुर्मीळ आहे. पुढे काही एच. टी. 2 विमानांना दुसऱ्या बनावटीची इंजिनं बसवावी लागली, यातच सगळं आलं.

तिसरं पुष्पक, तेही घाटग्यांच्याच देखरेखीखाली तयार झालेलं. 28 सप्टेंबर 1958 रोजी ते पहिल्यांदा उडालं. आराखड्याचा पाया अमेरिकेतल्या एरोन्का चीफ या विमानाचा. पोलादी नळ्या जोडून केलेला सांगाडा, वरून कापड, डोक्यावरून जाणारा एकच पंख, शेजारी-शेजारी दोन बैठका आणि 90 अश्वशक्तीचं कॉन्टिनेन्टल इंजिन. दोन माणसं आणि इंधन धरून वजन सहाशे किलोच्या आसपास. देशभरच्या फ्लाइंग क्लबांत एका अख्ख्या पिढीचे हात या विमानावर बसले. आणि माझ्या मताला सगळ्यात मोठा आधार इंजिनाचा आहे. याच घराण्यातलं सख्खं भावंड, म्हणजे ओ-200 इंजिन, सेसना 150 या जगभर पसरलेल्या विमानात आहे. दोघांचे बरेच सुटे भाग एक आहेत, आणि ते उघडून बसवणारे हात अजून आहेत. पुष्पकच्या इंजिनाला स्टार्टर नाही. पंखा हाताने फिरवावा लागतो. त्यासाठी चाकांना अडण्या लावायच्या, आत ब्रेकवर जाणता माणूस बसवायचा, ही शिस्त पाळावीच लागते. पण बिघडायला बॅटरी आणि डायनॅमोही नाहीत.

आता ऊन आणि माती. हिंगोली समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात पारा 42 अंशांवर गेला, की हवा एवढी विरळ होते की विमान जणू दीड हजार मीटर उंचीवरून उड्डाण करतं. साध्या इंजिनाची सुमारे सातवा हिस्सा ताकद तिथेच जाते: नव्वदातले पंचाहत्तरच्या आसपास घोडे उरतात, आणि अमेरिकेच्या लाडक्या पायपर कबच्या पासष्टातले जेमतेम पंचावन्न. पंख आणि पंखा यांनाही तीच विरळ हवा मिळते. म्हणून मराठवाड्यात 90 ही चैन नाही, ती किमान गरज आहे; आणि उडायचं ते ऊन चढण्याआधी. मातीचंही तसंच. आपली काळी जमीन पावसाळ्यात चाकाला गच्च धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शेतातली पट्टी बारमाही होत नाही. मुरूम टाकून दाबली तरी तिची निगा हा वेगळा संसार आहे. नांदेड, लातूर, धुळे अशा ठिकाणच्या डांबरी धावपट्टीचाच आसरा घ्यावा लागतो, आणि गवतावर चाक थोडं घसरून चूक पोटात घातली जाते, तसं डांबरावर होत नाही. म्हणून वारा आडवा असेल तर सरळ उड्डाण रद्द करावं. इंधनाची बाजू मात्र सुधारली आहे. पिस्टन इंजिनाचं विमानी पेट्रोल आपण आयात करत होतो. 2022 पासून इंडियन ऑइल ते वडोदऱ्याला बनवू लागलं. ते सगळीकडे मिळत नाही, पण कमी पिणाऱ्या छोट्या इंजिनाला ही टंचाई सोसते.

प्रत्यक्ष विमान समोर आलं की रंगाकडे पाहू नये. शेपटी खाली असल्यामुळे आत शिरलेलं पाणी आणि धूळ मागच्या नळ्यांच्या तळाशी साठते. गंज तिथे आतून खातो. खालचं कापड उघडून त्या नळ्या टोकदार अवजाराने टोचून पाहाव्यात. पंखाच्या आत लाकडी तुळया असतात. तपासणीच्या भोकातून टॉर्च आणि लहानसा आरसा घालून, बोल्टांच्या भोवती केसासारखी चीर आहे का ते बघावं. उंदरांनी घर केलं असेल तर त्यांच्या मुताने पातळ धातू पोखरला जातो, म्हणून बंद शेडमधलं विमान चांगलंच असेल असं मानू नये. कापड उन्हाने कुजतं. त्याची ताकद मोजून घ्यावी. आणि लॉगबुकात इंजिनाचे तास कमी दिसले म्हणून खूश होऊ नये. वर्षानुवर्षं न चाललेल्या इंजिनाचा कॅमशाफ्ट गंजतो. नेमाने चाललेलं इंजिन बऱ्याचदा निजलेल्या इंजिनापेक्षा भरवशाचं निघतं.

यावर आक्षेप येतील. पहिला: नाकाखाली चाक असलेलं विमान सोपं आणि सुरक्षित असताना हा हट्ट कशाला? उतरताना ते सोपं असतं हे खरंच आहे. पण ग्राउंड लूपमध्ये बहुधा पंख आणि चाकं मोडतात, कारण तो जमिनीवर, उतरत्या वेगात होतो. जीव जातात ते बहुतेक हवेतल्या चुकांनी. 23 जून 1980 रोजी दिल्लीत संजय गांधी यांचा अंत झाला, तेव्हा त्यांच्या पिट्स विमानालाही शेपटीखालीच चाक होतं. अपघात घडला कमी उंचीवरच्या कसरतींत. पिट्स हे कसरतींसाठी घडवलेलं ताकदवान विमान. यातून घ्यायचा धडा निवडीचा आहे: हौशी माणसाने सावकाश उडणारं, कमी ताकदीचं, क्षमाशील विमान घ्यावं. दुसरा आक्षेप: जुनं ते धोक्याचं. जे. आर. डी. टाटांनी 1932च्या कराची-मुंबई टपाल उड्डाणाची पन्नाशी 1982 साली पुन्हा तीच वाट उडून साजरी केली. तेव्हा ते 78 वर्षांचे होते आणि विमान होतं तीसच्या दशकातलं लेपर्ड मॉथ. वय यंत्राला मारत नाही, दुर्लक्ष मारतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे: ही श्रीमंतांची चैन, शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात तिचं काय काम? एकट्याने विमान पाळायचं तर चैन आहेच. म्हणून ते एकट्याने घेऊच नये. 1928 साली सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबपासून आपल्याकडची रीत क्लबचीच आहे: विमान सगळ्यांचं, खर्च तासागणिक वाटलेला. परवान्याला 17 वर्षं वय, दहावी पास आणि किमान 40 तास उड्डाण लागतं. आणि या विमानाभोवती वैमानिकापेक्षा जास्त संख्येने वेल्डर, सुतार, कापड ताणणारे आणि इंजिन उघडणारे हात शिकतात. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा उभी राहते आहे. तिला लागणारी माणसं आपल्याच शाळांतून यावीत असं वाटत असेल, तर यंत्र उघडून बघण्याची सवय मुलांना लहानपणीच लागली पाहिजे, आणि कापडाखाली सगळे सांधे दिसणाऱ्या पुष्पकइतकं बोलकं विमान त्यासाठी दुसरं नाही.

म्हणून निवडीचा क्रम असा ठेवा. आधी विमानावर सही करणारा जाणता इंजिनिअर शोधा. मग इंजिनाचे भाग कुठून येणार ते लिहून काढा. मग शेड आणि धावपट्टी ठरवा, चार भागीदार जमवा, आणि शेवटी विमान बघायला निघा. शेपटीच्या चाकाचं शिक्षण देणारा गुरू मिळेपर्यंत पैसे देऊ नका. हा क्रम पाळूनही पुष्पक किंवा त्याच्या घराण्यातलं विमान मिळालं नाही, तर थांबा. रूपावर भाळून दुसरं घेऊ नका. आणि मिळालं, तर ते उडतं ठेवा. घाटग्यांच्या पिढीने या देशाला विमान बांधायला शिकवलं. त्यांचं काम काचेच्या कपाटात न राहता धावपट्टीवर राहावं, ही जबाबदारी आता आपली आहे.