क्रमांक आणि कसोटी



बारावीचा निकाल लागला की घरोघरी विद्यापीठांच्या क्रमवाऱ्या चाळल्या जातात. आईवडिलांची पुंजी आणि मुलांची उमेदीची वर्षे ज्या आकड्यांवर सोपवली जातात, ते आकडे तयार कसे होतात, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

याचा बोलका दाखला याच बेंगळुरूत आहे. जून २०२३ मध्ये भारतीय विज्ञान संस्था केंद्र सरकारच्या ‘एनआयआरएफ’ क्रमवारीत देशातील विद्यापीठांत पहिली आली. त्याच महिन्यात लंडनच्या ‘क्यूएस’ जागतिक क्रमवारीत ती १५५व्या स्थानावरून २२५व्या स्थानी घसरली. एका वर्षात प्रयोगशाळा ओस पडल्या नव्हत्या की अध्यापक निघून गेले नव्हते. ‘क्यूएस’चा तराजू बदलला होता. शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाचे वजन २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले होते आणि पदवीनंतरचा रोजगार, पर्यावरणीय शाश्वतता असे नवे निकष जोडले गेले होते.

‘क्यूएस’मध्ये आता ४५ टक्के गुण प्राध्यापकांच्या आणि नोकरी देणाऱ्यांच्या मतांवर, म्हणजे नावलौकिकावर, अवलंबून असतात. ‘एनआयआरएफ’मध्ये लौकिकाला १० टक्के, तर अध्यापन व साधनसामग्रीला ३० आणि संशोधनाला ३० टक्के वजन आहे, मात्र तेथील बरीचशी माहिती संस्था स्वतःच पुरवतात.

म्हणून क्रमवारी त्याज्य ठरत नाही. चांगल्या संस्थांची पहिली यादी करण्यास ती उपयोगी पडते. परंतु पाचदहा क्रमांकांच्या फरकावर कर्ज काढू नये. आपल्या मुलाला हवा तो विभाग कसा आहे, वर्गावर कोण शिकवते, शुल्क किती, हे स्वतः पाहावे. विज्ञान संस्थेचा भर पदव्युत्तर शिक्षण व संशोधनावर आहे. तिच्या क्रमांकावरून पदवीच्या वर्गाची पारख होत नाही.

१९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, याच संस्थेत आल्या, तेव्हा मुलगी म्हणून त्यांना प्रथम प्रवेश नाकारला गेला. पहिला क्रमांकही तेथे कामी आला नाही. त्यांनी आग्रह धरला, अटींवर प्रवेश मिळवला आणि श्रीनिवासय्यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व डाळींतील प्रथिनांवर संशोधन केले. १९३९ मध्ये केंब्रिजने त्यांना डॉक्टरेट दिली.

मुलांनी संस्थेचा क्रमांक अवश्य विचारावा. मात्र तेथे आपल्याला गुरू कोण लाभणार, हे त्याआधी विचारावे.